अर्ज, पोच आणि पाठपुरावा
गोव्याच्या पर्यावरण-इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण



कै. गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. इतिहासाच्या अभ्यासकाकडून अशा प्रसंगी एखाद्या राजवटीचा, लढाईचा किंवा देवस्थानाचा विषय अपेक्षिला जातो. मी मात्र आज एका साध्या कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद म्हणजे तक्रार-अर्ज. विहीर आटली, ओहोळाचे पाणी तांबडे झाले, शेतात खाणीची माती येऊन बसली, किनाऱ्याला मेलेले मासे लागले, अशा वेळी एखाद्या गावकऱ्याने सरकारी कार्यालयाच्या नावे लिहिलेला अर्ज.

हा विषय मुळगावात मांडावा असे मला का वाटले, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या लिलावात डिचोलीचा पहिला खनिज गट वेदांता कंपनीकडे गेला. सुमारे ४७८ हेक्टरांच्या या गटात डिचोली, बोर्डे, लामगाव, मयें आणि शिरगाव यांच्या जोडीला आपल्या मुळगावची भूमी आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी खाणकाम पुन्हा सुरू झाले. घरे, देवळे, तळी आणि शेती या क्षेत्रातून वगळावी, ही येथील ग्रामस्थांची मागणी सर्वश्रुत आहे. त्या मागणीचा निवाडा करण्यासाठी मी उभा नाही. तो माझा अधिकारही नव्हे. परंतु अशा प्रत्येक काळात गावात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘अर्ज करून काय होते?’ या वाक्याची ऐतिहासिक तपासणी करावी, एवढाच आजचा हेतू आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या अर्जाने क्वचितच काही घडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अर्ज हा केवळ विनंतीचा कागद नसतो. तो घटनेची साक्ष असतो. अधिकाऱ्याला ती घटना अमुक दिवशी ठाऊक झाली होती, हे तो कागद पुढे कित्येक वर्षे सांगत राहतो. म्हणून अर्जाचे बळ जितके त्यातील शब्दांत असते, तितकेच त्याच्या पोचपावतीत आणि त्यामागून जाणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या कागदात असते.

१. जुनी व्यवस्था

आपल्या पूर्वजांना पाठपुराव्याची कल्पना नवीन नव्हती. गोव्यातील गावकरी, म्हणजेच पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखली गेलेली संस्था, ही जमीन आणि पाणी सामाईकपणे सांभाळणारी व्यवस्था होती. खाजन शेतीचा जीव बांधावर आणि मानशीवर अवलंबून असतो. भरतीच्या रात्री बांधाला खांड पडले, तर सकाळपर्यंत खारे पाणी संपूर्ण शेतात पसरते आणि पुढची काही पिके हातची जातात. अशा ठिकाणी खबर देणे हा उपकार नव्हता, ते कर्तव्य होते. आणि खबर कोणाला द्यायची, दुरुस्ती कोणी करायची, खर्च कोणी सोसायचा, हे आधीच ठरलेले असे. खबर देणारा, ती ऐकणारा आणि उपाय करणारा हे तिघेही एकाच गावचे असल्यामुळे पाठपुराव्याला निराळे नाव द्यावे लागत नव्हते.

पोर्तुगीज अमदानीत या संस्थेवर लेखी संहितांचे आणि सरकारी देखरेखीचे आवरण चढले. तिची शेवटची संहिता १९६१ सालची आहे. पुढे १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. या बदलांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. एक परिणाम मात्र नोंदविला पाहिजे. खबर देणारा गावात राहिला आणि उपाय करणारा गावाबाहेर, पणजीच्या कचेरीत गेला. या दोघांमधील अंतर भरून काढण्यासाठी कागद आवश्यक झाला.

खाणींचा इतिहास या अंतराच्या काळातच सुरू होतो. गोव्यातील खाण-परवाने २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमानुसार दिले जात. खऱ्या अर्थाने उत्खनन वाढले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० नंतरच्या दशकात, जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढल्यावर. हा काळ सालाझारच्या राजवटीचा होता. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती आणि सभा-संघटनांवर निर्बंध होते. ज्या वर्षांत डोंगर प्रथम फुटू लागले, त्या वर्षांत रयतेने जाहीर तक्रार करणे हेच धोक्याचे होते. आपल्या खाणपट्ट्याचा आरंभीचा इतिहास ग्रामस्थांच्या बाजूने इतका मुका का आहे, याचे एक कारण येथे सापडते.

२. मिनामाताचा धडा

त्याच दशकात, आपले खनिज ज्या जपानकडे जात होते, त्या देशात एक प्रकरण घडले. पर्यावरणीय घटनेची खबर सरकारी संस्थेला दिल्यानंतर तिचे काय होऊ शकते, हे समजण्यासाठी त्याइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल.

दक्षिण जपानमधील मिनामाता या गावी चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १ मे १९५६ रोजी त्या कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी तेथील सार्वजनिक आरोग्य केंद्राला कळविले, की मज्जासंस्थेला ग्रासणारा एक अनोळखी रोग परिसरात दिसू लागला आहे. मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाची तारीख म्हणून हाच दिवस आजही मानला जातो. म्हणजे त्या रोगाचा इतिहास एका खबरेने सुरू होतो.

पुढे काय झाले? १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले, आणि त्या मांजरात रोगाची लक्षणे दिसली. कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला. १९५९ च्या डिसेंबरअखेर रुग्णांशी एक करार करण्यात आला. त्यांना सहानुभूतीची म्हणून रक्कम देण्यात आली आणि बदल्यात अशी अट घालण्यात आली, की पुढे कारखानाच कारण ठरला तरी ते अधिक काही मागणार नाहीत. त्यानंतर बाहेरून पाहणाऱ्याला प्रकरण मिटल्यासारखे दिसत होते. सांडपाणी मात्र वाहतच राहिले. जपान सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. खबर आणि मान्यता यांत बारा वर्षे गेली.

परंतु १९५६ ची ती नोंद नाहीशी झाली नव्हती. १९७० मध्ये आजारी अवस्थेत होसोकावांनी साक्ष दिली. मार्च १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि १९५९ चा तो करार सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध म्हणून अवैध ठरविला. या प्रकरणातील दोन गोष्टी आपण लक्षात ठेवू या. पहिली, नोंद उशिरा का होईना कामी आली. दुसरी, रक्कम देऊन घेतलेल्या मौनाने मधली वर्षे गिळली. या दुसऱ्या गोष्टीची सावली आपल्याला घराजवळही दिसणार आहे.

३. सांकवाळचे प्रकरण

मुक्त गोव्यात प्रदूषणाविरुद्धची पहिली मोठी चळवळ मुरगाव तालुक्यात झाली. सांकवाळच्या पठारावर झुआरी ऍग्रो केमिकल्सचा खत-कारखाना १९७३ मध्ये सुरू झाला. थोड्याच काळात वेळसांवच्या बाजूच्या किनाऱ्यावर मेलेले मासे दिसू लागले. विहिरींच्या पाण्याविषयी आणि माडांविषयी तक्रारी आल्या. कारखान्याच्या सांडपाण्यात आर्सेनिक असल्याचा प्रश्न पुढे आला. १९७४ मध्ये मच्छीमार आणि ग्रामस्थ रस्त्यावर आले. माथानी साल्ढाणा यांचे सार्वजनिक आयुष्य या चळवळीतून घडत गेले. पेशाने ते शिक्षक होते, हे शाळेच्या या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावेसे वाटते.

हे प्रकरण ज्या काळात घडले, तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा २३ मार्च १९७४ चा. मासे मेले तेव्हा, त्यांच्याविषयी तक्रार घ्यावी असे ज्याला कायद्याने सांगितले आहे, असे मंडळ गोव्यात अस्तित्वातच नव्हते. लोकांना आपली तक्रार मोर्चाने सांगावी लागली, कारण ती घेणारी खिडकी अजून उघडली नव्हती. एवढे असूनही त्या चळवळीजवळ एक बळ होते. तक्रारीतील वस्तू डोळ्यांना दिसणारी होती, जागा निश्चित होती आणि वेळ ठाऊक होती. ‘प्रदूषण फार वाढले आहे’ असे वाक्य कोणीही नाकारू शकतो. अमुक दिवशी अमुक किनाऱ्यावर मासे पडलेले आहेत, हे वाक्य नाकारणे कठीण असते.

४. खिडक्या उघडल्या

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत खिडक्या एकामागून एक उघडत गेल्या. १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे विषारी वायू सुटला. त्या कारखान्यातील धोक्याविषयी राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून लेख लिहून इशारा दिला होता. इशारा छापील होता, पत्ता अचूक होता. कमतरता होती ती दखल घेणाऱ्या यंत्रणेची. त्या आघातानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. केंद्र सरकारला साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही व्यक्तीला न्यायालयात फिर्याद घेऊन जाता येईल, अशी तरतूद त्यात ठेवण्यात आली. १९८८ च्या दुरुस्तीने तसाच मार्ग जलप्रदूषण कायद्यातही आला. त्याआधी फिर्यादीचा अधिकार मंडळाच्याच हाती असे. सामान्य माणसाला जो अधिकार मिळाला, तो नोटिशीच्या, म्हणजे पुन्हा तारीख असलेल्या कागदाच्या वाटेने मिळाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी आर्थिक दंडाची व्यवस्था आली.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि १९८८ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. माहितीच्या अधिकाराच्या बाबतीत गोवा देशाच्या पुढे होता. येथे राज्याचा कायदा १९९७ मध्येच झाला. केंद्राचा कायदा २००५ चा, आणि त्यानुसार सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. आज एखाद्याने ‘कोणाकडे जावे’ असे विचारले, तर १९७४ सारखे ‘कोणीच नाही’ असे उत्तर देता येत नाही. आजची अडचण उलट आहे. खिडक्या इतक्या आहेत, की अर्ज एकीकडून दुसरीकडे फिरत राहतो.

५. डिचोलीचा खाणपट्टा

आपल्या तालुक्यात ही अडचण पूर्ण स्वरूपात दिसते. लोहखनिजाचा एक टन काढावयाचा, तर साधारणपणे दोन ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते. ती माती डोंगराएवढ्या ढिगांत साठते. पावसाळ्यात ती ओहोळांतून शेतात आणि नदीत उतरते. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की आत येणारे पाणी पंपाने उपसावे लागते. उपसा चालू राहिला, की भोवतालच्या जमिनीतील पाणी खड्ड्याकडे ओढले जाते आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. म्हणजे एकाच खड्ड्याचे दोन परिणाम गावाला दोन निरनिराळ्या ऋतूंत दिसतात. उन्हाळ्यात पाणी नाहीसे होते आणि पावसात गाळासह येते.

आता याची तक्रार कोठे करावयाची? पट्ट्याची हद्द आणि उत्खनन पाहणारे खाण व भूगर्भशास्त्र संचालनालय राज्याचे आहे. खाणकामाचा आराखडा पाहणारा भारतीय खाण ब्यूरो आणि कामगारांची सुरक्षितता पाहणारे खाण सुरक्षा महासंचालनालय केंद्राचे. पाण्याचा आणि हवेचा दर्जा प्रदूषण मंडळाकडे, ओहोळ आणि भूजल जलस्रोत खात्याकडे, पिकाचे नुकसान कृषी खात्याकडे, जमिनीची नोंद मामलेदाराकडे. ‘खाणीमुळे आमचे नुकसान झाले’ असा एकच अर्ज यांपैकी कोणाही एका ठिकाणी दिला, तर ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ हे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात काही अंशी तथ्यही असते. गावाच्या दुःखाचे कार्यालयांच्या कक्षांप्रमाणे तुकडे करून प्रत्येक तुकडा योग्य जागी पोचविणे, हे पाठपुराव्याचे पहिले कौशल्य आहे.

दुसरी अडचण भरपाईची. गाळाने शेत बुजले, की त्या वर्षापुरती रक्कम देऊन विषय संपविण्याची रीत खाणपट्ट्यात पडली. ज्याच्या घरात भात यायचे थांबले, त्याने ती रक्कम घेतली यात त्याला दोष देता येत नाही. पण परिणाम काय झाला, हे इतिहासाने सांगितले पाहिजे. खाजगी रीतीने मिटलेले नुकसान सरकारदरबारी उमटत नाही. वीस वर्षे गाळ येत राहिला तरी कागदावर तो एकदाही आलेला नसतो. मिनामाताच्या १९५९ च्या कराराची आठवण मला येथे होते. रक्कम घ्यावी, परंतु घटनेची नोंद आधी व्हावी.

या पार्श्वभूमीवर शिरगावचे उदाहरण महत्त्वाचे आहे. लईराईचे ते गाव, आपल्या केळबाईच्या बहिणीचे. तेथे खड्डे खोल गेले आणि विहिरी-झरे आटत चालल्याची तक्रार ग्रामस्थांनी धरून ठेवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेकडून भूजलाचा अभ्यास करविण्यात आला. गावकऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट शास्त्रज्ञाच्या भाषेत लिहिली जाणे, हा पाठपुराव्यातील निर्णायक टप्पा असतो. त्याआधी ‘टेरी’ या संस्थेने १९९७ मध्ये संपूर्ण खाणपट्ट्यासाठी पर्यावरण-व्यवस्थापनाचा आराखडा तयार केला होता. तेव्हा ‘कोणाला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

पुढचा इतिहास वेगाने घडला. चीनची मागणी वाढली आणि २०१०–११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात पाच कोटी टनांपलीकडे गेली. केंद्राने २०१० मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. गोव्याविषयीचा त्याचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेपुढे आला. खाणींची जी तपासणी कायद्याने आणि नियमांनी सांगितली आहे, ती झालीच नाही आणि त्यातून निर्भयपणे नियम मोडण्याचे वातावरण तयार झाले, असा त्याचा आशय होता. तीनच दिवसांनी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे खाणकाम पट्ट्यांची मुदत संपलेली असल्यामुळे बेकायदा ठरले आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्याच वर्षी मार्चच्या मध्यास खाणी पुन्हा बंद पडल्या.

या निकालांनी कित्येक कुटुंबांची ट्रकची, बार्जची, रोजंदारीची कमाईही थांबली. आपल्या तालुक्यात ते दुःख घरोघर पोचले आहे, आणि ते विसरून या विषयावर बोलणे अन्यायाचे होईल. पण म्हणूनच एक प्रश्न विचारावा लागतो. वेळच्या वेळी तपासणी झाली असती, लहान तक्रारींचे लहान उपाय झाले असते, तर एका दिवसात संपूर्ण उद्योग बंद करण्याची पाळी आली असती काय? तक्रार करणारा हा उद्योगाचा शत्रू, असे समजले जाते. मला इतिहास उलट सांगताना दिसतो. न ऐकलेल्या तक्रारी साचत जातात आणि अखेर त्यांचे उत्तर सर्वांनाच महाग पडते.

६. पाठपुराव्याची रीत

या सर्व प्रकरणांतून पाठपुराव्याची काही सूत्रे हाती लागतात. ती मी अभ्यासकाच्या नात्याने मांडतो.

पहिले सूत्र वेळेचे. वाहते पाणी साक्ष देण्यासाठी थांबत नाही. ओहोळ तांबडा झाला, तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात मंडळाला कळवावे. आधी दूरध्वनीने, मग लगेच लेखी. कारण कायद्यात नमुन्याची एक विशिष्ट पद्धत आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधिताला नोटीस देऊन, त्याच्या समक्ष नमुना घ्यावा, त्याचे दोन भाग करावे, ते मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्याव्या, असे १९७४ चा कायदा सांगतो. आपण बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्याला त्या नमुन्याची योग्यता नसते. ती बाटली अधिकाऱ्याला बोलाविण्याचे कारण होऊ शकते, त्याच्या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून अधिकारी पाणी वाहत असतानाच यावा, यासाठी सारी धडपड असली पाहिजे.

दुसरे सूत्र वर्णनाचे. तारीख, वेळ, जागा, सर्व्हे क्रमांक, पाऊस होता की नव्हता, पाणी कोठून कोठे वाहत होते, किती घरांच्या विहिरी आहेत, हे लिहावे. छायाचित्रात पूल, देऊळ किंवा विजेचा खांब अशी न हलणारी खूण यावी. जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून आणि जे ऐकले ते ‘ऐकले’ म्हणून लिहावे. अमुकच दोषी आहे, हे ठरविण्याची घाई अर्जात करू नये. अतिशयोक्तीचे एक वाक्य दहा खऱ्या वाक्यांचा विश्वास घालविते. इतिहासलेखनाचा हाच नियम आहे.

तिसरे सूत्र मागणीचे. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ या मागणीला ‘कारवाई चालू आहे’ हे उत्तर पुरते. त्याऐवजी नेमके मागावे: अमुक ओहोळाची पाहणी करावी, नमुना घ्यावा, पाहणीचा अहवाल आम्हांस द्यावा. मंजुरीच्या अटी वाचून अर्ज लिहिला तर तो अधिक बळकट होतो. संमती देताना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि बाधित व्यक्तीला ती पाहू द्यावी, असे जलप्रदूषण कायद्यातच म्हटले आहे. पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो. त्या अहवालात जे लिहिले आहे आणि आपल्या विहिरीत जे दिसते आहे, ते शेजारी शेजारी ठेवणे, याहून प्रभावी अर्ज नाही.

चौथे सूत्र पोचेचे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत मिळाल्याखेरीज कार्यालयाची पायरी उतरू नये. अनेक वर्षांपूर्वी गावच्या जलस्रोतांविषयीचे जुने अर्ज पाहण्यासाठी मी एका कार्यालयात गेलो होतो. ‘असे अर्ज आलेच नाहीत’ असे तेथे मला सांगण्यात आले. गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने पत्र्याच्या पेटीतून शिक्का मारलेल्या तीन प्रती काढून दाखविल्या. त्या तीन कागदांखेरीज त्या गावाची तक्रार इतिहासातून पुसली गेली असती.

पाचवे सूत्र मुदतीचे. पंधरा दिवसांनी पहिल्या अर्जाचा क्रमांक घालून स्मरणपत्र द्यावे. महिन्याने माहितीच्या अधिकाराखाली विचारावे, की या अर्जावर कोणत्या दिवशी कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा लिहिला, पाहणी झाली काय, नमुन्याचा निष्कर्ष काय आला. रागाच्या पत्राला उत्तर द्यावेच असे बंधन नसते; या प्रश्नांना असते. आणि लक्षात ठेवावे, की हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणविषयक वाद नेण्याची मुदत मूळ कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आहे. सबळ कारण दाखविले तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाईच्या दाव्याला पाच वर्षांची मुदत आहे. जो केवळ उत्तराची वाट पाहत बसतो, त्याची मुदत वाट पाहण्यातच सरते.

सहावे सूत्र माणसांचे. एकट्याचा अर्ज वैयक्तिक भांडण समजला जातो. गावाचा ग्रामसभेतील ठराव, कोमुनिदादची नोंद, शेतकऱ्यांच्या सह्या यांनी त्याला वजन येते. आणि अधिकाऱ्याला आरंभीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. कमी मनुष्यबळात काम करणारा, मनाने प्रामाणिक असा अधिकारी पुष्कळदा एका पक्क्या कागदाचीच वाट पाहत असतो.

७. शाळेपुढील काम

शेवटी एक सूचना करतो. विहिरीच्या वादात नेहमी एक प्रश्न उभा राहतो: पूर्वी पाणी किती होते? गाव सांगते, ‘भरपूर होते.’ या शब्दाचे माप कोणाजवळ नसते. आणि खाण सुरू होण्यापूर्वीची, किंवा निदान आजची पातळी लिहिलेली नसेल, तर दहा वर्षांनी झालेला फरक सिद्ध करणे तज्ज्ञालाही अवघड जाते.

हे काम शाळा करू शकते. गावातील निवडक विहिरी आणि तळी ठरवावीत. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर खुणा केलेल्या दोरीने मोजावे. पावसाचे माप घ्यावे. ओहोळाचा रंग, शेतात गाळ आला असल्यास त्याची जाडी, पहिला आणि शेवटचा दिवस, हे एका बांधीव वहीत शाईने लिहावे आणि खाली सह्या कराव्यात. ही वही कोणाच्या विरुद्ध नाही. पाणी उतरले नाही, तर ती तसेच सांगेल, आणि ते ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. पाणी उतरले, तर मुळगावचा पुढचा अर्ज ‘भरपूर होते’ या शब्दावर अवलंबून राहणार नाही.

गुरुजींनी या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सुवाच्य अक्षरात तारीख घालून लिहावयास शिकविले. त्या संस्काराचा याहून उचित उपयोग मला सुचत नाही. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी अशा वहीचा खर्च आणि तिच्या जपणुकीची जबाबदारी उचलावी. आणि आपापल्या घरच्या पेट्यांत पडलेल्या जुन्या अर्जांच्या प्रती शाळेकडे आणून द्याव्यात. त्या कागदांवर गावाचा हक्क आहे.